एकच माणूस बसवा

समोरच्या फ्लॅटमधले काका किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनचे फोन घेतात. सरकारी नोकरी आहे ती. राहतात मात्र बदलापुरात, एकटे. इथून समुद्र बघायचा तर आख्खा दिवस मोडतो.

रविवारी दुपारी माझा डोळा लागतो न लागतो तोच त्यांचा आवाज गॅलरीतून येतो. "जिवंत आहे का गेलाय? गेला असला तरी कळवायलाच लागतं, भाऊ." मग आवाज एकदम खाली उतरतो. "परवानगीवाला डॉक्टर येईपर्यंत ओढाओढ करू नका. ओलं फडकं टाका, डोक्यावरचं श्वासाचं भोक मोकळं ठेवा. गर्दी हटवा. एकच माणूस बसवा जवळ."

"एवढं सगळं नियमात आहे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"माणूस बसवायचं सोडून," ते म्हणाले. "ते माझं आपलं."

पुढे त्या डॉल्फिनचं काय झालं, हे त्यांना सहसा कोणी कळवत नाही.

गेल्या रविवारी त्यांचा फोन नुसता वाजत राहिला. मी चिडूनच गेले, तर दार लोटलेलं आणि काका तापानं फणफणलेले. मी कपाळावर ओलं फडकं ठेवलं. ते नाकावर घसरलं, तेव्हा त्यांनी डोळे न उघडता बाजूला सारलं.

"थांबा, खालच्या सगळ्यांना बोलावते."

"गर्दी नको," ते फोनवरच्या त्याच आवाजात म्हणाले.

पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. मी खुर्ची ओढून बसले.