तेवीस तासांचं टोपडं

आमच्या लिफ्ट कंपनीत त्याला सगळे सबुरी म्हणायचे. लिफ्टमध्ये माणसं अडकली की हा दाराच्या फटीला तोंड लावून आत ओरडायचा, "सबुरी धरा, आलोच!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मी तिथला स्टोअरकीपर. सतरा वर्षं त्याला वायरी आणि नट-बोल्ट काढून देत आलो, पण पगाराच्या कागदावरचं त्याचं नाव मलाही आठवावं लागतं.

लग्नानंतर नऊ वर्षांनी त्याला मुलगी झाली, तीही दोन महिने आधीच. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, एकेचाळीस दिवस. आईला दिवसातून दोनदा आत जाऊन तिला छातीशी धरता यायचं. बापाने मात्र काचेबाहेर उभं राहायचं. हा कामावरून सुटला की ग्रीसचे डाग घेऊन थेट दवाखाना गाठायचा.

"तासभर काय करतोस रे तिथे?" मी एकदा विचारलं.

"काही नाही काका. ती सारखी मान उजवीकडे करून झोपते. मग मीही त्याच बाजूला जाऊन उभा राहतो. डोळे उघडलेच, तर दिसेन तरी."

पोरगी घरी आली. तिला सगळे ठमी म्हणू लागले. संध्याकाळी ती रडायला लागली की घरात कुणाचं काही चालायचं नाही, त्याच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचंही नाही. सबुरी हातपाय धुऊन यायचा, तिच्या डोक्याखाली उजवा तळहात धरायचा आणि नुसता बसायचा. पाच मिनिटांत ठमी गप्प. "डोकं हातात असं बसतं ना काका, जसं मापाने केलंय," तो सांगायचा, आणि सांगताना तळहात उताणा करून दाखवायचा.

नेमकं तेच दुखणं होतं. डोकं मागून उजवीकडे चपटं झालं होतं, म्हणून तर हातात बसायचं. मानेचा एक स्नायू आखडलेला, त्यामुळे तिची मान एकाच बाजूला वळायची. दोन महिने मानेचे व्यायाम केले, पालथं झोपवून खेळवलं, पण फार फरक पडेना. डॉक्टर म्हणाले, "आता हेल्मेट लागेल. तिच्या मापाचं बनवून घ्यायचं. पण वर्षाच्या आत. नंतर कवटीची हाडं ऐकत नाहीत." ठमीला तेव्हा सहा महिने झाले होते.

सबुरीने डॉक्टरांना विचारलं होतं, "मी त्या बाजूला उभा राहायचो, म्हणून ती तिकडेच बघत राहिली का?" डॉक्टर हसले. एवढ्या लहान बाळाला काचेपलीकडचं काही दिसतच नाही म्हणाले. दोष नाही हे कळून याला बरं वाटायला हवं होतं. हा आणखीच हिरमुसला. एकेचाळीस दिवस तो तिला दिसलाच नव्हता.

हेल्मेट त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. कंपनीचा सगळ्या कामगारांसाठी विमा होता, म्हणून आम्ही दोघांनी बसून फॉर्म भरला. बाराव्या दिवशी उत्तर आलं: सदर उपचार केवळ दिसण्यासाठी असल्याने मंजूर करता येत नाही.

"केस वाढले की झाकलं जाईल," त्याच्या सासूबाई म्हणाल्या. बिचाऱ्या समजूतच घालत होत्या. वहिनी उठून आत गेल्या.

विम्याचं ऑफिस ज्या इमारतीत होतं, तिथल्या लिफ्ट आमच्याच देखभालीतल्या. सबुरी अर्धी रजा टाकून गेला, पण अंगावर गणवेश तोच. खाली पहारेकऱ्याने विचारलं, "कुठली बंद पडली?" नवव्या मजल्यावर दावे बघणाऱ्या बाई होत्या, त्याही त्याला बघून म्हणाल्या, "अहो, आत्ताच तर मी लिफ्टने आले. चांगली चालतेय की!"

"लिफ्ट ठीक आहे, बाई. मी माझ्या कामाला आलोय," म्हणत त्याने ते पत्र पुढे केलं.

बाईंनी पत्र वाचलं, कॉम्प्युटरवर त्याचे कागद उघडले. "तुमच्या डॉक्टरांनी एवढंच लिहिलंय की डोक्याचा आकार बिघडलाय. आकार म्हटलं की आमच्याकडे ते दिसण्याच्या खात्यात जातं."

"पण ती सहा महिन्यांची आहे. तिला दिसण्याचं काय?"

 बाईंनी कोरा कागद ओढला. "नकाराविरुद्ध अपील करा. मानेचा स्नायू आखडलाय ते लिहा. व्यायाम किती दिवस केले, उपयोग झाला नाही, ते लिहा. कान पुढे सरकलाय का? जबडा? सगळं मोजून आणा. मंजूर होईलच असं मी म्हणत नाही. आणि हे मी सांगितलं, हे कुठे बोलू नका."

डॉक्टरांकडून नवं पत्र आलं. डोक्याच्या दोन तिरप्या मापांत चौदा मिलिमीटरचा फरक, उजवा कान पुढे सरकलेला, व्यायामाच्या तारखा, सगळं त्यात होतं. अपील मी टाइप करत होतो, सबुरी मागे उभा राहून सांगत होता. शेवटी म्हणाला, "आता लिहा: लिफ्टच्या रेलमध्ये तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी आम्ही लिफ्ट बंद ठेवतो. माझ्या मुलीच्या डोक्यात चौदा मिलिमीटरचा फरक आहे."

"अरे, हे सरळ अर्जात कसं लिहायचं? हसतील."

"हसू देत. पण लिहा."

लिहिलं.

मग वाट बघणं सुरू झालं. उत्तर माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर येणार होतं. सबुरी रोज दुपारी स्टोअरच्या खिडकीशी यायचा. 'आलं का?' असं एकदाही विचारलं नाही. वायसर, म्हणजे बोल्टखाली घालायच्या चकत्या, मागायचा. मी वायसर द्यायचो आणि नकारार्थी मान हलवायचो. त्या दिवसांत त्याच्या पिशवीत इतके वायसर जमले की चालताना खुळखुळायचा. ठमीला सात महिने पूर्ण झाले. "काका, हाडांना कुठे कळतं की अर्ज विचाराधीन आहे?" एवढंच एकदा बोलला.

तेविसाव्या दिवशी मंजुरी आली. त्याला आत बोलावून दाखवली. त्याने दोनदा वाचली, दोराच्या रिळावर बसला आणि गणवेशाच्या बाहीने तोंड पुसत राहिला. मी उगाच कपाटात काहीतरी शोधलं.

हेल्मेट आलं. पांढरं, आतून मऊ, पाखरांची चित्रं असलेलं. चोवीस तासांतले तेवीस तास ते डोक्यावर ठेवायचं, आंघोळीपुरतं एक तास काढायचं. आंघोळ सकाळी, सासूबाई घालायच्या. त्या वेळी सबुरी कुठल्यातरी इमारतीच्या छतावर, मोटरच्या खोलीत असायचा. संध्याकाळी येऊन हात धुवायचा, ठमीच्या डोक्याखाली तळहात धरायचा, तर हाताला प्लास्टिक. ठमीही चुळबुळायची, आईकडे जायला हात पसरायची. ज्या हेल्मेटसाठी नवव्या मजल्यापर्यंत गेला, त्या हेल्मेटनेच पोरीला पुन्हा काचेपलीकडे नेऊन ठेवलं होतं.  सबुरी नुसता हेल्मेटवरून हात फिरवायचा, आणि एकदा वहिनींनी पाहिलं की तो त्याच्या वरच्या मोकळ्या भागात नाक घालून वास घेतोय.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी आंघोळ संध्याकाळी सातला केली. सासूबाई कुरकुरल्या, "कातरवेळी कुणी पोराला न्हाऊ घालतं का?" वहिनी म्हणाल्या, "आमच्यात घालतात, आजपासून."

म्हणून मग सबुरी साडेसहाला सगळं टाकून पळायचा. जमेल तेव्हा आम्ही त्याचे उशिराचे कॉल वाटून घ्यायचो. तरी कधी अडकायचाच. एकदा तीन माणसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, त्यांना बाहेर काढेपर्यंत आठ वाजून गेले. घरी पोचला तर ठमी हेल्मेट घालून झोपलेली. वहिनी म्हणाल्या, "दहा मिनिटं काढू का?" त्याने नको म्हटलं. तेवीस म्हणजे तेवीस.

ठमी वर्षाची झाल्यावर पंधरा दिवसांनी हेल्मेट कायमचं निघालं. डॉक्टरांनी मापं घेतली. चौदाचे चार मिलिमीटर झाले होते. "एवढा फरक तुमच्याही डोक्यात असेल," ते म्हणाले. सबुरीने पेढे नाही, काही नाही, माझ्या टेबलावर ओंजळभर वायसर आणून ओतले.

"आता काय, चोवीस तास तुझेच," मी म्हटलं.

"कुठलं काका! ती चालायला लागली. मांडीवर टिकत नाही. स्वतःच पालथी पडून झोपते, हात लावला की ढकलते. आता मला वेळ आहे, तर तिला नाही."

मग खिशातून फोन काढून त्याने तिचे फोटो दाखवले. पहिला पाठमोरा. दुसराही पाठमोरा. दार ओलांडताना, खुर्ची धरून उभी असताना, आईच्या मागे लागलेली असताना, सगळे मागून काढलेले, प्रत्येकात मधोमध तिचं गोल डोकं. मी पुढे सरकवत राहिलो.

"अरे, तोंड कुठे आहे पोरीचं?"

"ते तिच्या आईच्या फोनमध्ये आहे," सबुरी म्हणाला, आणि फोन माझ्या हातून घेऊन स्वतःच बघत बसला.