निळं गवत आणि आमची नर्सरी

आमच्या नर्सरीत गवत हळू वाढतं, किस्से भराभर वाढतात. दुपारी डबे उघडले की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा. कौशल्याकाकू म्हणतात, “सविते, लिहून ठेव. सातवी शिकलीयेस, उपयोग काय मग त्याचा?” म्हणून लिहिते. हसण्यासारखे आहेत म्हणून ऐकायला बरे वाटतात. घडत होते तेव्हा मला फारसं हसू आलं नव्हतं.

नर्सरी मांजरी गावाच्या पुढं, लोणीकडं जाताना लागते. मालक रफिकभाई. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या पुण्यातलं, त्यामुळं भाषा स्वच्छ आणि जीभ तिखट. कामाला आम्ही दोघीच, मी आणि काकू. मुख्य माल म्हणजे निळं गवत. साहेबलोक त्याला ब्लू फेस्क्यू म्हणतात. वीतभर उंचीचा गोल गड्डा, पाती ताठ आणि निळसर. काकूंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, “हे गवत न्हाई. साळिंदर बसलंय!”

माझी आरोही दोन वर्षांची. तिची छाती भरते. श्वास घेताना शिट्टी वाजते. डॉक्टरांनी पंप दिलाय आणि सांगितलंय, “गवत फुलतं तिथं हिला नेऊ नका.” मी नर्सरीत काम करते हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. घरी बघायला कोणी नाही. नवरा पहाटेच टेम्पो घेऊन मार्केट यार्डला जातो. दुसरीकडं कुठं पोरीला घेऊन कामाला येऊ देतात? इथं ती हिरव्या जाळीखाली, भाजीच्या क्रेटमध्ये गोधडी घालून झोपते. डॉक्टरांचं बोलणं मी फक्त काकूंना सांगितलं. भाईंना कळलं तर म्हणतील उद्यापासून येऊ नकोस. ती धास्ती सगळ्या किश्शांच्या मागं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

*

काकू नवीन होत्या तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. भाई म्हणाले, “माल जरा नीट दिसू द्या,” आणि गावात गेले.

परत आले तर काकू ओला फडका घेऊन शेवटच्या कुंडीजवळ बसलेल्या. घामाघूम!

“भाई, सगळ्या पात्यांवर पांढरी भुकटी धरली होती. रोग पडला आसंल. एकूणएक पुसून काढली!”

भाई बघतच राहिले. त्या भुकटीमुळंच तर गवत निळं दिसतं! पुसली की खाली साधं हिरवं.

“छान केलंत,” भाई म्हणाले. “आता आपण हिरवं गवत विकू. तेवढंच रस्त्याच्या कडेला मिळत नाही.”

काकू दिवसभर जेवल्या नाहीत. गिऱ्हाइकाला भाईंनी फोन करून सांगितलं, “माल आंघोळीला गेलाय.”

*

पेठेतले एक रिटायर्ड काका मेलेलं गवत कुंडीसकट घेऊन आले. आत नुसता कुजका चिखल.

“मी रोज दोन वेळा पाणी घालत होतो. तुमचा मालच खराब!”

“काका, पाणी घातलं नाहीत आपण. बुडवलंत,” भाई म्हणाले.

“मग तसं लिहून लावा ना! आम्हाला काय स्वप्न पडतं?”

दुसऱ्या दिवशी भाईंनी पाटी लावली. ‘हे गवत तहानेनं कमी मरतं, मायेनं जास्त. पाणी बेतानं घालावं.’

मी त्या वेळी आरोहीला स्वेटर चढवत होते. ऊन चांगलं तापलं होतं, पण मला उगाच वाटलं, वारा सुटला तर? पोरगी लाल झाली होती.

काकूंनी पाटीकडं बोट दाखवलं. “वाच. तुझ्यासाठीच लिवलंय.”

मी स्वेटर काढला. काढला की भीती वाटायला लागली. परत घातला.

*

हा किस्सा नवऱ्याचा. एकदा टेम्पो घेऊन मला न्यायला आला. वाफ्यांकडं बघून विचारतो, “म्हशी खातात हे?”

“नाही.”

“औषधाला लागतं?”

“नाही.”

“मग करतात काय याचं?”

“बघतात.”

तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, “बघितलं. चल.”

*

मांजरीतल्या एका नवीन सोसायटीत आमचं गवत लावलं होतं. तक्रार आली की गड्ड्यांना मधोमध टक्कल पडतंय. भाईंनी मला बघायला पाठवलं. आरोही कडेवर.

पोचले तर एक आजी खाली वाकून निवांत पाती खुडत होत्या! हातात चांदीची वाटी.

“अहो आजी, ही दूर्वा नाहीये!”

“मला कळतं ते. डोळे शाबूत आहेत माझे.”

“मग?”

“मग काय मग? आज संकष्टी आहे. बिल्डरनं सगळीकडं परदेशी लॉन घातलंय, एक दूर्वा उगवत नाही. बाप्पाला सांगितलंय मी, जे आहे त्यात भागव.”

तेवढ्यात आरोही खोकायला लागली. तोच खोकला, शिट्टीचा. मी पंप काढला, तिच्या तोंडाला लावला.

आजी बघत होत्या. म्हणाल्या, “एवढ्या आजारी लेकराला घेऊन धुळीत हिंडतेस? आई आहेस ना तू तिची?”

आणि परत खुडायला लागल्या. मोजणी चुकली वाटतं, कारण पहिल्यापासून सुरू केली.

मी भाईंना येऊन सांगितलं, टकलाचं कारण गणपती. भाई म्हणाले, “मग तक्रार कोणाकडं करायची?”

*

हे गवत कापत नाहीत, विंचरतात. खरंच! रुंद दातांचा कंगवा घ्यायचा आणि गड्ड्यातली वाळकी पाती ओढून काढायची. भाईंनी आम्हाला नवेकोरे कंगवे आणून दिले.

काकूंच्या घरी नातींची रांग. त्यामुळं विंचरता विंचरता त्यांचं बोट आपोआप पात्यांत जायचं, आणि दोन नखांत काहीतरी धरून चिरडायच्या!

“काकू, गवताला उवा नसतात.”

“हाताला कुठं म्हाईत हाय ते?”

हसून हसून पोट दुखलं माझं. हसत होते म्हणून क्रेटकडं लक्ष गेलं नाही. विंचरताना धूळ उडते, ती वाऱ्यानं तिकडंच जात होती. बघितलं तेव्हा पोरीचे ओठ काळसर झाले होते. पंप देऊनही शिट्टी थांबेना.

भाईंनी गाडी काढली. हडपसरपर्यंत मी पोरीची पाठ चोळत राहिले. दवाखान्यात वाफ दिली, तेव्हा कुठं रंग परत आला.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन भाई बाहेर आले. बाकड्यावर बसून त्यांनी विचारलं, “काय झालंय पोरीला?”

“सर्दी आहे, भाई.”

“सर्दी,” ते म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मला वाटलं, वाचले. घरी आल्यावर वाटलं, कशातून वाचले?

*

शेवटचा यंदाचाच. थंडी संपत आली की निळ्या गवताला तुरे येतात. बारीक, गव्हाळ रंगाचे. दिसायला नाजूक, पण फुलले की हात लागला तरी धूर निघावा तशी भुकटी उडते. डॉक्टरांनी सांगितलेलं फुलणं ते हेच. महिनाभर आधीपासून माझी झोप उडाली होती. ठरवलं होतं, तुरे दिसले की काम सोडायचं. सोडून खायचं काय, ते ठरत नव्हतं.

पण तुरे दिसेनात! सकाळी यावं तर वाफे साफ. नीट बघितलं तर देठ ताजे कापलेले. मला वाटलं काकू लवकर येऊन कापतात. काकूंचे पाय धरायचेच बाकी होते, तर त्याच म्हणाल्या, “मला वाटलं तूच कापतीस. कात्रीबी जाग्यावर नसते सकाळची.”

त्याच आठवड्यात एक लँडस्केपवाल्या मॅडम आल्या. मोठा प्रोजेक्ट, सगळ्या बिल्डिंगींच्या बागा. यंदा आमचा धंदा पार बसला होता. वाफे भरलेले आणि गेटवर गाडी नाही. अशी ऑर्डर म्हणजे वर्षाचा प्रश्न सुटला असता.

मॅडमनी मोबाइलवर फोटो दाखवला. निळं गवत आणि वर दाट तुरे.

“मला असं फुललेलंच हवंय. ओपनिंगला तेच दिसलं पाहिजे. तुमच्याकडं तर एकही तुरा दिसत नाही?”

“येत नाहीत,” भाई म्हणाले.

“असं कसं? या दिवसांत सगळीकडं येतात!”

“आमच्याकडं येत नाहीत. पाणी वेगळं आहे.”

“पंधरा दिवस थांबते हवं तर.”

“कशाला थांबता? दुसरीकडं बघा आपण.”

मॅडम गाडीत बसून गेल्या. क्रेटमध्ये आरोही झोपली होती, शिट्टी बारीक वाजत होती.

काकूंना राहवलं नाही. “भाई, आवं आलेली आर्डर...”

“येईल दुसरी.”

“आन् न्हाई आली तर?”

भाईंनी खिशातून कात्री काढली, खिळ्याला अडकवायला गेले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत खिशात टाकली.

“उद्या जरा लवकर येतो,” ते म्हणाले. “विहिरीकडच्या वाफ्यातले राहिलेत.”