पिकअपची पाठवणी

आमची जुनी पिकअप साताऱ्याहून कायमची निघाली, त्या सकाळी आईनं हळदीकुंकवाचं ताट अंगणात आणलं आणि आप्पांनी तिला तसंच माघारी धाडलं. “गाडी हाय ती, लेक न्हवं. उगं रडारड करू नगंस,” असं म्हणून ते माझ्या शेजारच्या सीटवर चढून बसले. आई दाराआड गेली. वडिलांचा हा फौजी कडकपणा मला अजिबात आवडत नाही. पण चालवणारी मी होते, भांडायला वेळ नव्हता.

आप्पा सैन्यात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही पिकअप घेतली. भाजीपाल्यापासून माझ्या लग्नाच्या भांड्यांपर्यंत सगळं तिनं वाहिलं. तिचा रेडिओ कधीच काढलेला. त्या जागी उरलेल्या मोठ्या भोकात पेन ठेवलं तर ते परत दिसत नाही, अशी तिची ख्याती. आता आप्पांचा गुडघा क्लच दाबू देत नाही, म्हणून ती आटपाडीच्या बिरूकाकांना द्यायची ठरली होती. बिरूकाका फौजेत आप्पांच्या हाताखाली गाडी शिकले आणि सुटून आल्यावर पुन्हा घरच्या मेंढरांमागे लागले. दिवाळीनंतर त्यांचा वाडा (मेंढपाळांचा फिरता तळ) चाऱ्यासाठी पश्चिमेकडे निघतो. नुकती जन्मलेली कोकरं एरवी घोडीच्या पाठीवरून जायची. यंदा घोडी गेली. वाडा दुसऱ्या दिवशी सकाळी हलणार होता आणि आप्पांनी शब्द दिला होता.

कराडजवळ चहाला थांबलो आणि रेसच्या पेडलवरून पाय काढला, तरी इंजिन ओरडतच राहिलं. गिअर टाकला की गाडी आपली आपणच पळायला बघायची. आप्पांनी पायाखालची रबरी चटई उचलून पाहिली, पेडल हलवून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“मी काही केलं नाही,” मी म्हटलं.

“मी कुटं काय म्हनलं?” ते म्हणाले, पण म्हणायचं तेच होतं.

वाट वाकडी करून आम्ही आष्ट्याला आलो. तिथे आप्पांच्या ओळखीचे रमजानभाई गॅरेज चालवतात. त्यांनी बॉनेट उघडून ‘स्लो’चा स्क्रू (उभ्या गाडीचं इंजिन किती मंद फिरावं ते ठरवणारा) पार मागे घेतला. इंजिनाला काही फरक नाही.

“आप्पा, हितं बघा. रेसची पट्टी स्क्रूला टेकतच न्हाई. म्हंजी स्क्रूचा गुन्हा न्हाई. पायापासनं पट्टीपातुर जाती ती रेसची वायर कुटंतरी धरतीया. नवीच घाला.”

“हाय का तुमच्याकडं?”

“ह्या जुन्या गाडीची? मागवाय लागंल. उद्या सांजच्याला येईल.”

उद्या संध्याकाळी वाडा कुठल्या कुठे गेलेला असणार. रमजानभाईंनी दिसत होती तेवढ्या वायरीला तेल सोडलं, बॉनेट आपटलं आणि आम्ही तसेच निघालो.

आष्ट्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. पुढे तासगावकडे द्राक्षांचे मांडव. विटा मागे पडलं तसा हिरवा रंग विरळ होत गेला आणि जमीन एकदम उघडी झाली. मी जन्मभर डोंगराच्या कुशीत राहिलेली. इथे कुठे पाहावं तेच कळेना. इतकं आभाळ मी कधी एका वेळी पाहिलं नव्हतं. मध्येच डाळिंबाची एखादी बाग, एखादी बाभळ आणि पुन्हा ते अफाट माळरान. मला अगदी लहान झाल्यासारखं वाटलं, आणि ते आवडलंही. आप्पा मात्र सारा रस्ता नुसते इंजिन ऐकत बसले होते.

बिरूकाका रस्त्यावर उभेच होते. लाल फेटा, आणि आप्पांना पाहताच कडक सॅल्यूट. “या उस्ताद!” फौजेत शिकवणाऱ्याला असंच म्हणतात म्हणे. त्यांच्यामागे सारा माळ मेंढरांनी भरला होता. बांगड्यांनी भरलेले हात पुसत सखूकाकी, त्यांची बायको, पुढे आली. बाजरीची भाकरी, ठेचा आणि वाटीभर घट्ट दूध पुढ्यात आलं. इतकं साधं जेवण इतकं चविष्ट कसं लागतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

मग कोकरं हौद्यात चढवून पाहायची ठरली. मी किल्ली फिरवली. इंजिन किंचाळलं, मेंढ्या दाही दिशांना उधळल्या, कोकरं आयांच्या नावानं ओरडू लागली. कुत्रीसुद्धा लांब जाऊन उभी राहिली.

आप्पा खाली उतरले. त्यांचा चेहरा काळवंडला होता. “बिरू, असली खोडीची गाडी मी मितराला देत न्हाई. माघारी नेतो.”

“उस्ताद, मग कोकरं कशात घालू? चालत आली तर निम्मी वाटंत जात्याल. आन् हितं ऱ्हायलो तर खायाला काय हाय?”

आप्पांनी सीटमागचा पाना काढला आणि बॉनेट उघडलं. मग मला म्हणाले, “इंजिन चालूच ठेव आन् डॅशबोर्डाखाली शीर. माजा गुडगा वाकत न्हाई. पट्टीपासनं वायर चाचपत मी आत येतो, तू पायापासनं वर ये.”

मी पेडलपाशी उताणी पडले आणि वायर चाचपत वर गेले. बोटांना मऊ काहीतरी लागलं. ओढलं, तर हिरवा खण. खणात नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. रेडिओच्या भोकातून आत घसरून तो नारळ थेट वायरीवर विसावला होता.

खट् असा आवाज झाला. इंजिन क्षणात खाली आलं आणि शहाण्यासारखं हळूहळू फिरू लागलं. माळावर केवढी शांतता पसरली! मी तशीच उताणी पडून तो खण छातीशी धरून राहिले. माझ्या पाठवणीत माझ्या पदरात घातला होता तसलाच, त्याच रंगाचा. ताट अंगणात आणायच्या आधीच आईनं तो गुपचूप त्या भोकात ठेवला असणार.

“आगं, वटी हाय ही!” सखूकाकी म्हणाली. “तुज्या आयनं लेकीवानी धाडलीया हिला. आन् आमी आसंच घ्यायाचं व्हय?”

तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं. मग भाकरतुकडा आणला आणि नव्या सुनेवरून ओवाळतात तसा त्या डागाळलेल्या पिकअपवरून ओवाळून टाकला. कुणी हसलं नाही. आप्पा पाठ फिरवून पाना पुसत उभे होते. पुसून झाला तरी पुसत होते.

सकाळी वाडा हलला. मेंढरांच्या धुळीत पिकअप सावकाश चालत होती आणि तिच्या उबदार हौद्यात कोकरं एकमेकांवर माना टाकून झोपली होती. ती वळणाआड जाईपर्यंत आम्ही रस्त्यात उभे होतो.

परतीला आम्ही एसटी धरली. मी खिडकीतून तो माळ पुन्हा उसात शिरताना पाहत राहिले. ज्या नारळानं आम्हाला वाटभर छळलं, त्याच नारळानं एक गाडी कुणाच्या तरी घरात घातली, याचं नवल माझ्या मनातून जात नव्हतं.

साताऱ्याला आई दारातच होती. बिचारी नारळाबद्दल काही विचारेना. एवढंच म्हणाली, “नीट नांदंल न्हवं तितं?”

“नांदंल,” आप्पा म्हणाले. चपला काढायला उगाच वेळ लावला. मग खाली बघूनच म्हणाले, “भाकरतुकडा ओवाळून घेतली तिला.”

आईनं पदर डोळ्याला लावला. या वेळी रडू नको असं तिला कुणी म्हणालं नाही.