नाव मावलं पाहिजे

जगातल्या एकूण एक भानगडींचं मूळ समास न सोडण्यात आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि माझं नशीब असं, की तो माझा थोरला साडू निघाला. भांडणं का होतात? माणसं एकमेकांत समास सोडत नाहीत म्हणून. एसटी का उलटते? ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला समास सोडत नाही म्हणून. पोट का बिघडतं, याचं उत्तर आता तुम्हीही देऊ शकाल. जळगावच्या एका सरकारी कचेरीत ते सांख्यिकी शाखेत होते आणि त्यांचं काम आलेख काढायचं. कुठल्या तालुक्यात पाऊस किती, कापूस किती, कुठल्या गावाच्या विहिरीत पाणी किती, हे चौकटीच्या कागदावर उभ्या खांबांनी दाखवायचं आणि प्रत्येक खांबाखाली त्याचं नाव लिहायचं. खांब ते चटकन उरकत. खरा जीव नावांत, आणि नावांच्या भोवतीच्या मोकळ्या जागेत. आलेखाच्या डाव्या बाजूचं नाव खालून वर असं चढवलेलं असतं. ते वाचून वाचून त्यांची मान डाव्या खांद्याकडे कायमची कलली होती. नवख्या माणसाला वाटे, आपण बोलतोय ते यांना पटत नाही. बहुतेक वेळा ते खरंही असे.

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. भाऊ जेवायला बसले की भात, भाजी, वरण सगळं ताटाच्या काठापासून दोन बोटं आत. आमच्या सासुरवाडीला खापरावरची पुरणपोळी होते, ती ताटात मावते कुठली? चहूकडून खाली लोंबते. भाऊ तिची घडी घालत, घडीची घडी घालत, आणि काठ मोकळा झाला की मगच तूप वाढून घेत. वेळेच्या बाबतीतही तेच. धुळ्याला आमच्याकडे यायचं तर घरातून इतक्या आधी निघायचे, की ठरलेल्या गाडीनं ते जन्मात कधी आले नाहीत. तिच्या आधीची मिळे. आम्ही दार उघडायचो तेव्हा माझ्या तोंडाला दाढीचा साबण आणि यांची मान कललेली. “काही नाही, जरा समास ठेवून निघालो,” म्हणायचे.

माझ्या लग्नातली गोष्ट तर चोपडा तालुक्यात अजून सांगतात. मंडपात मखमली पडद्यावर थर्मोकोलची अक्षरं लावून नवरा-नवरीची नावं केली होती. माझ्या नावाचं शेवटचं अक्षर काही मावेना, तेव्हा मंडपवाल्यानं ते खुशाल खालच्या ओळीत, हिच्या नावाशेजारी नेऊन डकवलं. भाऊंनी ते पाहिलं आणि तडक बाहेर जाऊन निंबाखाली बसले. थोरला जावई धाकट्या मेव्हणीच्या लग्नात रुसला! मांडवात एकच पळापळ. कोणी सरबत घेऊन धावलं, कोणी दुसरा टॉवेल-टोपी घेऊन. हिच्या काकांनी तर मनगटावरचं घड्याळ काढून पुढे केलं. शेवटी सासरे, म्हणजे आबा, स्वतः आले. “पाव्हना, काय चुकनं आम्हनं? सांगा तरी.” भाऊंनी मान कलती ठेवूनच पडद्याकडे बोट केलं. “आबा, मला काही नको. ते अक्षर तेवढं वर घ्या.” शिडी आली, मंडपवाला चढला, सगळी अक्षरं काढून पुन्हा लावली, आणि माझा मुहूर्त टळला. आमच्या संसारात काही बिनसलं की ही अजून त्या अक्षराचाच उद्धार करते.

पण माणूस ओळखायचा तर त्यांच्या स्वयंपाकघरात जायला हवं होतं. प्रत्येक डब्यावर भाऊंच्या मोत्यासारख्या अक्षरातली चिठ्ठी, चारी बाजूंनी सारखी जागा सोडलेली. आता गंमत अशी, की चिठ्ठ्यांतली अक्षरं सगळी एकाच मापाची. ते माप म्हणे ठरलेलं असतं, बदलत नाही. मग मोठ्या नावाला मोठा डबा हवा, छोट्या नावाला छोटा. त्यामुळे ‘सालीची मूगडाळ’ घरात मूठभर असली तरी ती गव्हाच्या कोठीएवढ्या डब्यात लोळायची, आणि ‘तूर’ महिन्याला पायलीभर लागली तरी चिमुकल्या डबीत. बाकीची तूर अक्का, म्हणजे भाऊंची बायको, हिची थोरली बहीण, खाटेखाली पोत्यात लपवून ठेवी. एकदा मी म्हटलं, “भाऊ, डब्यात काय मावतं ते बघायचं की डब्यावर काय मावतं ते?” ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, “डब्यात काय आहे ते झाकण उघडल्यावर दिसतंच. नाव मावलं पाहिजे.” अक्कानं माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

नव्वद सालानंतर त्यांच्या कचेरीत संगणक आला. भाऊ त्याच्याशी नव्या जावयासारखे वागत. खोलीत चपला घालून जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, आणि त्याला पंख्याचा वारा आधी. मला मुद्दाम दाखवायला नेलं होतं. शेजारी तो करकरणारा प्रिंटर. आकडे दिले, की खांब आपोआप छापून यायचे. भाऊ हरखून गेले. मग त्यांची नजर खाली गेली आणि चेहरा उतरला. त्या यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती, आणि इंग्रजीत आमच्या गावांची नावं पाय पसरून बसतात. दोन नावं शेजारी मावली नाहीत, की यंत्र मधलं एक गाव कोणाला न विचारता गाळून टाकी. नावं उभी केली तर त्यांचे पाय कागदाखाली गेले. खालचा समास वाढवला तर खांब इतके बुटके झाले, की सातपुड्यापासून तापीपर्यंत सगळीकडे सारखीच टंचाई दिसायला लागली. अक्षरं बारीक केली तर साहेब म्हणाले, “मुंग्या कशाला छापल्यात?” भाऊ आठवडाभर घरी धड जेवले नाहीत. आणि मग एके दिवशी आलेख जमला. असा देखणा, की साहेबांनी तो चार लोकांना बोलावून दाखवला. चारी बाजूंना ऐसपैस जागा, प्रत्येक खांबाखाली त्याचं नाव, कोणाचा कोणाला धक्का नाही. भाऊंनी मला धुळ्याला खास कळवलं, “जमलं!”

काय जमलं होतं, ते आखाजीला कळलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि जावई आमरस पिऊन ओसरीवर लोळतात. त्या वर्षी मात्र आबांच्या गावात उत्साह नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, विहिरी तळाला गेलेल्या, केळीची पानं कडेनं करपलेली. झोक्यावर बसायच्या वयाच्या पोरी हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. गावावरून एक नाला जातो, त्याच्यावर बांध घातला तर विहिरींना पाणी टिकेल, असं सगळे म्हणत होते. सरकारनं गावोगावच्या विहिरी मोजायला माणसं पाठवली होती, आणि ज्या गावांचं नाव आलेखातून वर नाशिकला जाईल त्यांच्याकडे आधी बांध, एवढं गावाला कळलं होतं. आबांनी वाटीभर रस भाऊंच्या पुढे ठेवला आणि विचारलं, “जवाई, तुम्हना हापिसना मानसं उनथात, हिरी मोजी गयात. आम्हना गावनं नाव शे ना कागदवर? बठ्ठा गाव मनाकडे देखी ऱ्हायना.”

भाऊंची मान, मी पहिल्यांदाच पाहिली, सरळ झाली. रसाची वाटी तशीच ठेवून ते उठले आणि गोठ्याकडे गेले. मी मागोमाग. तिथे बैलाच्या तोंडाकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. तालुक्यातली नमुन्याची गावं निवडायचं काम त्यांच्याकडेच होतं. नावं काही केल्या मावेनात, तेव्हा त्यांनी मावणारी गावं निवडली होती. आणि आमच्या सासुरवाडीचं नाव आहे धामणखेडे बुद्रुक प्रगणे अडावद.

मला हसू आवरेना. तुरीची डबी डोळ्यांपुढे आली. पण भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं, ते पाहून हसू घशातच राहिलं. “साहेब उद्या कागद घेऊन नाशिकला निघतायत,” ते म्हणाले. “इथली विहीर सगळ्यांत खोल गेलीय. मला आकडा पाठ आहे. आणि मी गाव वगळलं. अक्कानं याच विहिरीचं पाणी भरलंय रे लहानपणी.” आखाजीच्या दिवशी जावई जेवण सोडून निघाला म्हणून सासूबाई रडल्या, अक्का चिडली, पण भाऊ थांबले नाहीत. मला सोबत घेतलं. यावेळी ठरलेल्या गाडीच्या आधीची गाडी मिळाली, याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं.

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या तयारीत होते. भाऊ टेबलासमोर उभे राहिले, मी दारात. भाऊंनी एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे तुम्ही गावं नावाच्या लांबीवरून निवडलीत?”

“रुंदीवरून, साहेब,” भाऊ म्हणाले. “उंची सगळ्यांची सारखीच होती.”

मी दाराची कडी घट्ट धरली. आता यांची नोकरी जाते असंच मला वाटलं. साहेब लाल झाले, पेन्शन, निलंबन असे शब्द बोलले, भाऊंच्या त्या देखण्या आलेखाचे उभे दोन तुकडे केले. भाऊ म्हणाले, “फाडा, साहेब. पण दुपारच्या गाडीनं जा. तेवढ्यात मी दुसरा देतो. जिथे पाणी खोल गेलंय ती सगळी गावं घालून.” साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि रागातच खुर्चीत बसले.

पायथ्याची कोरडी गावं एकजात लांब नावांची निघाली. यंत्रानं पुन्हा मधली गावं गाळायला सुरुवात केली, तेव्हा भाऊंनी नुसते खांब छापून घेतले आणि शाईचं पेन काढलं. खांबांखाली, वरून खाली उभी, मराठीत, एकेक नाव लिहीत गेले. धामणखेडे आलं. ‘बुद्रुक’ला खालच्या समासाची रेघ आली. पेन थांबलं. मी सुचवलं, “पुढचं गाळा की.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आबांचं अर्धं घर पाडायला सांगितलं. “अडावद नाही लिहिलं तर ते कुठलं धामणखेडे? दुसरं आहे, पाटाच्या पाण्यावरचं. बांध तिकडे जाईल.” मग त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि उभ्या आयुष्यात ज्या जागेत टिंब पडू दिलं नव्हतं त्या समासात ‘प्रगणे’ लिहिलं. ‘अडावद’चा ‘द’ कागदाच्या अगदी काठावर गेला. लिहून झाल्यावर त्यांनी कपाळाचा घाम पुसला. साहेब कागद घेऊन गेले. भाऊंना एक कडक मेमो मिळाला, तो त्यांनी मला दाखवला तेव्हा म्हणाले, “डावीकडे काहीच जागा सोडलेली नाही बघ.”

पुढच्या उन्हाळ्यात धामणखेड्याला बांध झाला. आबांनी जावयांना बोलावून आहेर केला आणि गावानं ठरवलं, की बांधावर लावायच्या फरशीवर गावाचं नाव कसं कोरायचं ते थोरल्या जावयानं सांगावं. भाऊंना दुसरं काय हवं होतं? त्यांनी पूर्ण नाव लिहून दिलं, कुठेही न तोडता, एका ओळीत, चारी बाजूंनी भरपूर जागा सोडून. फरशी चांगली पुरुषभर लांब झाली. आता ती लावायची कुठे? रस्त्याकडच्या बाजूला पायऱ्या होत्या आणि पाइपाचं तोंड होतं, तिथे मावेना. भाऊ तळपत्या उन्हात बांधाभोवती फिरले, मान कलती करून एकेक जागा पाहिली, आणि आतल्या बाजूची लांबलचक, सपाट भिंत त्यांना पसंत पडली. फरशी तिथे खालच्या अंगाला बसली. काय शोभली म्हणून सांगू! बठ्ठा गाव नाल्यात उतरून, तापलेल्या वाळूत उभा राहून, नारळ फोडून टाळ्या वाजवत होता. कोरडा नाला बघायची सगळ्यांना इतकी सवय झालेली, की आपण उभे आहोत तिथे पाणी येणार, त्यासाठीच तर बांध घातलाय, हे माझ्यासकट कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पावसाळ्यात पाणी आलं. धामणखेडे बुद्रुक प्रगणे अडावद समासासकट पाण्याखाली गेलं. आबा काठावर उभे राहून पोट धरधरून हसले. “मना जवाईनं मासासले गावनं नाव वाचाले दिधं!”

आता आबा नाहीत. भाऊ मुलाकडे पुण्याला असतात. डोळ्यांपुढे जाळं आलंय, वर्तमानपत्राचा समासही दिसत नाही, आणि सून डबे तिच्या पद्धतीनं लावते, ते त्यांना कळत नाही म्हणून घरात शांतता आहे. मला मात्र ते येत नसल्यानं धुळ्याचं दार उगीच उशिरा वाजल्यासारखं वाटतं. पाऊस लागून राहिला, की त्यांचा फोन येतो. तब्येत, पोरंबाळं असलं काही विचारत नाहीत.

“गेला होतास का रे धामणखेड्याला? नाव दिसतंय का?”

मी जाऊन आलेला असतो. म्हणतो, “नाही भाऊ. एक अक्षर दिसत नाही.”

मग म्हणतात, “छान झालं.”