मुठीच्या उंचीचे मेज

नानांची आणि माझी पहिली भेट एका निखळलेल्या पायामुळे झाली. हा पाय आमच्या घरातल्या बैठ्या डेस्काचा. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. माझे वडील आणि आत्या दोघेही शिक्षक. त्यांनी मला घरीच, त्या डेस्कासमोर सतरंजीवर बसवून शिकवले. त्याचा पाय निखळला तेव्हा मी इंदरगंजातल्या एका वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात नकाशे काढण्याची नोकरी करत होते. नई सडकेवरच्या दोन-तीन दुकानांत विचारले. सगळीकडे एकच उत्तर, "इसको छोड़िए, नया ले लीजिए." शेवटी बाबा म्हणाले, "जयेंद्रगंजात मोहोळकर सर राहतात. त्यांना दाखव."

श्री. सदाशिवराव मोहोळकर, म्हणजे आपणा सर्वांचे नाना, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंधा मारत होते. त्यांनी हातातली फळी पूर्ण केली, रंधा आडवा ठेवला आणि मग माझ्याकडे पाहिले. डेस्क उलटा करून म्हणाले, "इथे खिळा कोणी मारला?"

"बहुतेक आजोबांनी."

"त्या दिवशी रागात असतील." नाना हसले. "बोल बेटा, करून देऊ की करायला शिकतेस?"

मी विचारले, "किती वेळ लागेल?"

"डेस्काला दुपारपर्यंत. तुला किती लागेल ते तुझं तू बघ."

मला निर्णय चटकन घेता येत नाही. मी घरी येऊन आईला विचारले, बाबांना विचारले, दुसऱ्या रविवारी पुन्हा जाऊन नानांनाच विचारले की माझ्यासारखीला हे जमेल का. नानांनी खाचा पाडायची एक बोथट पटाशी आणि धारेचा दगड माझ्या हातात ठेवला.

नानांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शाळेतल्या कारकिर्दीविषयी त्यांचे सहकारी अधिकाराने लिहितील. शाळेत ते काष्ठकला शिकवत आणि निवृत्तीनंतर त्यांनी शेडमध्ये, येईल त्याला, शिकवणे चालू ठेवले, एवढेच मला ठाऊक आहे. मी लिहिणार आहे ते त्या शेडविषयी आणि एका मेजाविषयी. मध्यंतरी एक वर्ष असे गेले की नाना पुन्हा रंधा हातात घेतील की नाही, याचीच आम्हा सर्वांना धास्ती होती. ग्रंथाचे काम त्या वर्षी निघाले असते, तर माझ्याने हा लेख लिहिला गेला नसता.

नानांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले आणि फौजेच्या तळावरून 'लष्कर' म्हणवल्या जाणाऱ्या या आमच्या भागात राहिले. घरात एक जुनी तलवार आहे. खंडेनवमीला नानांच्या पत्नी सुमनकाकू पाटावर ती तलवार मांडतात आणि तिच्या शेजारी नानांच्या करवती, रंधे, पटाश्या, मोगरी. पहिल्या वर्षी मी माझी पटाशी संकोचाने मागे ठेवली होती. काकूंनी ती उचलून तलवारीला लागून ठेवली. "अगं, तलवारीला शंभर वर्षांत काही काम नाही. ही रोज राबते. हिला पुढे बसू दे."

शेडमध्ये यंत्र नव्हते. नानांना यंत्राचा राग आहे असे काहींना वाटते, पण तसे मुळीच नाही. त्यांचे म्हणणे इतकेच की यंत्राच्या आवाजात लाकूड ऐकू येत नाही. करवत रेषेवर चालली आहे की बाजूला जाते आहे, रंध्याचे पाते जास्त बाहेर आले आहे की बरोबर आहे, हे ते कानाने ओळखतात. सुरुवातीला मला हा गुरुजनांविषयी सांगतात त्यातला कौतुकाचा भाग वाटला. पण एकदा ते दाराशी उभे राहून भाजीवाल्याशी बोलत असताना मी सागाची पट्टी कापत होते. मध्येच मान न वळवता म्हणाले, "डावीकडे गेलीस." मी पाहिले. गेले होते.

नानांची एक रीत त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आठवत असेल. कोणी पहिल्यांदा काही कापणार असेल, तर नाना पाठ फिरवून उभे राहत. दाराबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत राहत, क्वचित काकूंना चहाची हाक देत. मला याची फार गरज होती. घरी शिकताना एक नियम असे: चुकलेली ओळ खोडायची, पान स्वच्छ करायचे, मग पुढे जायचे. कार्यालयातही संगणकावर चुकीची रेषा मागे घेता येते. लाकडाला मात्र खोडरबर नाही. पहिल्या कापाच्या वेळी मी काटकोनाचा गुण्या लावून रेघ आखली, ती पुसली, पुन्हा आखली. शेजारी भदौरियाजी काम करत होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर नातीसाठी पाळणा करायला म्हणून आले आणि नात शाळेत जाऊ लागली तरी येतच राहिले, असे हे गृहस्थ. ते म्हणाले, "बहनजी, लकड़ी को तिलक लगाती रहोगी या काटोगी भी?"

नाना बाहेर बघतच म्हणाले, "भदौरियाजी, आप भी पीठ कीजिए."

भदौरियाजींनीही पाठ फिरवली. त्या दोन पाठींच्या आड मी माझा पहिला काप घेतला. तो वाकडा आला. कोणीही वळून पाहिले नाही, आणि मी दुसरी पट्टी घेतली.

नानांकडे कोणतीही वस्तू करण्याआधी दोन गोष्टी कराव्या लागत. आधी एक पाट. त्यात रंधा, आखणी आणि सांधा ही तिन्ही येतात. मग स्वतःचे मेज, ज्यावर पुढची सगळी कामे व्हायची. "दुसऱ्याच्या मेजावर शिकता येतं, काम करता येत नाही," असे ते म्हणत. मेजाला खिळा नाही, सरस नाही. पायांमध्ये आरपार खाच, आडव्या पट्टीच्या टोकाला त्या खाचेत बसणारी कूस, आणि बाहेर आलेल्या कुसेत शिसमाची पाचर. पाचर ठोकली की मेज उभे, काढली की मोकळे. असे का, म्हणून मी विचारले होते. नाना म्हणाले, "आपण लष्करची माणसं. सकाळी डेरा उठला तर दुपारी सामान गाडीवर चढलेलं पाहिजे."

कबाड्याच्या वखारीतून जुन्या सागाच्या तुळया आणल्या. वरची फळी सपाट करण्यातच हिवाळा गेला. मग पायांची वेळ आली. नाना ताठ उभे राहिले, उजवा हात सरळ खाली सोडला आणि मूठ वळली. "मेजाची उंची पुस्तकातून घ्यायची नाही. मूठ जिथे टेकते, तिथे मेज."

मी लगेच टेप काढला. नानांच्या मुठीपासून जमिनीपर्यंत मोजले, खात्रीसाठी पुन्हा मोजले. नाना शांतपणे उभे राहिले. त्यांना वाटले, मुलगी मोजायची रीत शिकते आहे. मला वाटले, गुरूंनी माप दिले, तेच माप. त्यात स्वतःचा हात मध्ये आणावा, हे माझ्या डोक्यातही आले नाही. मी चारही पाय त्या मापाने कापले, खाचा पाडल्या, पाचरी ठोकल्या. एका रविवारी मेज उभे राहिले आणि मी रंधा घेऊन त्याच्यापुढे गेले, तर माझे कोपर खांद्याच्या दिशेने वर उचलले गेले. नाना माझ्यापेक्षा चांगले उंच आहेत.

चहा घेऊन आलेल्या काकूंच्या आधी लक्षात आले. "अहो, तिने तुमच्या मापाचं केलंय!"

भदौरियाजी तर खुर्चीवर बसूनच हसले. "गुरुभक्ति हो तो ऐसी! अब बहनजी, साथ में एक सीढ़ी भी बना लो."

मला रडू येत होते. नाना पुढे आले, हात खाली सोडून मूठ वळली आणि मेजावर टेकवली. मूठ नेमकी बसली. "पक्कं आहे," ते म्हणाले. "माप चुकलं नाही, माणूस चुकला. यात रडण्यासारखं काय?"

मला वाटले, आता लगेच पाय कमी करायला सांगतील. त्यांनी सांगितले नाही. "आधी यावर काम कर. किती कापायचं ते तुझा खांदा सांगेल." होळी होऊन गेली, उन्हाळ्याची लू वाहू लागली, तोपर्यंत मी त्या उंच मेजावर काम केले आणि दर रविवारी खांदा चोळत घरी गेले. मग एक दिवस मीच म्हणाले, "नाना, चार बोटं." ते कडुनिंबाकडे वळले आणि मी चारही पायांचे तळ कापले. कापलेले ठोकळे कचऱ्याच्या टोपलीत टाकणार, तोच मागे न बघता त्यांनी सांगितले, "फेकू नको. कोणता ठोकळा कोणत्या पायाचा, ती खूण कर आणि ठेव. लाकूड फेकायचं नसतं." मी पटाशीने खुणा केल्या आणि ठोकळे पिशवीत घातले.

मेज आमच्या घरी आले. बाबांची शिकवणी ज्या खोलीत चाले, तिथे उभे राहिले. डेस्काचा पाय मी त्याच मेजावर बसवला, खिळा काढून.

त्यानंतर दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. नानांच्या आणि त्यांच्या भावांच्या घराच्या जागी इमारत उभी करायचे ठरले आणि शेड गेली. नाना-काकू दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. त्याच सुमारास नानांच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. नानांनी स्वतःच्या मेजाच्या पाचरी आमच्याकडून काढून घेतल्या आणि ते मेज आपल्या जुन्या शाळेला देऊन टाकले. सकाळी सुरू केले, दुपारी ते हातगाडीवर होते. गाडी वळली तेव्हा नाना म्हणाले, "डेरा उठला." त्या वेळी कोणीही हसले नाही.

डॉक्टरांनी पुढे हलके काम करायला परवानगी दिली. पण नाना बाल्कनीत बसून वर्तमानपत्र वाचत. हत्यारे पलंगाखाली होती. मी रविवारी जाई, कामातल्या शंका विचारी. ते सगळे नीट सांगत, पण हाताने काही दाखवत नसत. एकदा काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "आवाज गेलाय गं घरातला. ऐकलंय का कधी हे घर इतकं शांत?"

मी त्यांना आमच्या घरी यायला बरेचदा म्हटले. "तुझं मेज तुझ्या मापाचं," ते म्हणत. "मला वाकावं लागेल. खांद्याला सांगून ठेवलंय, वाकायचं नाही."  एका संध्याकाळी मेजाखाली झाडताना ठोकळ्यांची पिशवी हाताला लागली आणि यावरचे उत्तर सापडले. चारही ठोकळ्यांवर खुणा शाबूत होत्या. प्रत्येक ठोकळ्यात आणि त्याच्या पायाच्या तळात भोक पाडून लाकडी खुंटी बसवली. ज्या पायाचा ठोकळा त्याच पायाखाली गेला. लाकडाच्या रेषा जुळल्या. गुण्या लावून तपासले, पुन्हा तपासले. आता मेज हलले आणि नानांच्या खांद्याला झटका बसला तर, या काळजीने मी भदौरियाजींना बोलावून त्यावर जोर द्यायला लावला. "अब तो हाथी चढ़ा दो," ते म्हणाले.

रविवारी नाना आणि काकू बाबांना भेटायचे म्हणून आले; भदौरियाजी आधीच येऊन बसले होते. मी सगळ्यांना शिकवणीच्या खोलीत नेले. नानांनी मेजाकडे पाहिले, खाली बसून ठोकळे पाहिले, खुणांवरून बोट फिरवले. मग ताठ उभे राहिले, हात खाली सोडला, मूठ वळली. मूठ टेकली.  मेजावर सागाची एक फळी होती आणि काकूंनी पलंगाखालून काढून आधीच माझ्याकडे दिलेला त्यांचा रंधा.

मी बाबांना म्हणाले, "बाबा, पाठ करा." भदौरियाजींना सांगावे लागले नाही. आम्ही सगळे खिडकीबाहेर रस्त्याकडे बघत उभे राहिलो.  मागे रंधा एकदा अडखळला. पाते थोडे आत घेतल्याचा, लाकडावर टकटक केल्याचा आवाज आला. आणि त्यानंतर फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही न तुटता, तो लांब आवाज आला. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"बेटा," मागून नाना म्हणाले, "पात्याला धार कोणी लावली?"

"मी."

"बरी आहे."

तेव्हापासून नाना दर रविवारी आमच्याकडे येतात. बाबांच्या शिकवणीच्या खोलीत आता दोन नवे विद्यार्थीही येऊ लागले आहेत. ते पहिला काप घेतात तेव्हा नाना त्यांच्याकडे पाठ करून उभे राहतात. बघायला कडुनिंब नाही, म्हणून समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघतात.

सुरुवातीला नाना गेले की मी ठोकळे काढून ठेवत असे. आता काढत नाही. मेज नानांच्याच उंचीला असते. आठवड्याचे इतर दिवस मी माझे काम करते तेव्हा पायाखाली पाट घेते. नानांच्या शेडमध्ये केलेला, माझा पहिला पाट. एका कडेला तो थोडा वाकडा आहे. पण माझे वजन पेलतो.

नानांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, त्यांच्या खांद्याने त्यांचे ऐकावे आणि त्यांच्या कानाने आमच्या चुका अशाच पकडाव्यात, ही माझी प्रार्थना. मला वाकड्या पाटावर उभे राहायची आता सवय झाली आहे. मेजाखालचे ठोकळे पुष्कळ पुष्कळ वर्षे तिथेच राहोत.