खिडकीजवळची जागा

मुलांनो, चाकणच्या बसमध्ये दर मंगळवारी मला एक बाई भेटायची. नाव मी कधी विचारलं नाही. एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती चपात्या भाजायची. ऐन थंडीत खिडकी सताड उघडून पदराने मान पुसत बसायची.

“अहो ताई, लावा की खिडकी! गारठवून मारता काय?” एकदा मागून कुणीतरी ओरडलं.

“माज्या अंगात भट्टी पेटलीय, तिचं काय करू?” मग माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, “तव्याची धग बाधली म्हणून भाजी चिराया बसले. तवा सुटला, पण आग न्हाई सुटली. झोप न्हाई, सुनेवर उगाच खेकसते. आता कामच सोडते.”

“पिशवी काढलीय का तुमची?”

“व्हय, दिवाळीआधी. पाळीची कटकट मिटली.”

“त्यानंतर कधीकधी अशी आग होते अंगाची. मलाही झालं होतं. काम सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा.” माझा आवाज अगदी बारीक झाला होता. हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

दोन मंगळवार ती दिसली नाही. तिसऱ्या मंगळवारी आली ती हसतच. “औषध चालू हाय. परत तव्यावर गेले.”

शेजारी उभी असलेली एक बाई घामेजून रुमालाने वारा घेत होती. हिने तिला हाताला धरून आपल्या जागेवर बसवलं, खिडकी उघडली आणि साऱ्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, “पिशवी काढलीय का गं तुझी?”

त्या दिवशी खिडकी लावा, असं कुणीच म्हटलं नाही.