काकांची हद्द

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं खरं मर्म अख्ख्या लालबागात एकाच माणसाला कळलं होतं, आणि तो माणूस एकाही मोर्च्याला गेला नव्हता. ते म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान, आमचे काका. नोकरी गिरणीत कारकुनाची, पण जीव सगळा वॉर्ड ऑफिसात. नळ कुठल्या खात्याचा, गटार कुठल्या, रस्त्यावरचा दिवा कुणाचा, पोलीस कुणाचा, हे त्यांना रामरक्षेसारखं पाठ. कुणी भलत्याच टेबलावर तक्रार नेली की ते कळवळत. "चुकीच्या खात्याक केलेलो अर्ज म्हणजे दुसऱ्याच्या देवाक केलेलो नवस," म्हणत. "फळ गावता शेजाऱ्याक." माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीचे कुळ विचारत होते, काकांनी तुमचा कचरा कुठला वॉर्ड उचलतो म्हणून विचारलं. मुलीच्या वडिलांना सांगता येईना. मी लग्न त्याच मुलीशी केलं, पण काका तिला कित्येक वर्षं 'बिनवॉर्डाची' म्हणत.

आता गंमत अशी, की दोन वॉर्डांची हद्द नेमकी काकांच्या चाळीच्या अंगणातून जायची. नळ अलीकडच्या वॉर्डात आणि त्याचं पाणी वाहून नेणारं गटार पलीकडच्या. ते गटार एकदा तुंबलं. अलीकडचे म्हणाले, गटार आमच्या हद्दीत नाही. पलीकडचे म्हणाले, पाणी तुमच्या नळाचं, तुम्हीच निस्तरा. अंगणात घाण पाण्याचं तळं झालं आणि शेवटी नोटीस आली: आठवड्यात सफाई झाली नाही तर नळ बंद. दुसरा नळ दोन गल्ल्या सोडून. मावशी राहायची तिसऱ्या मजल्यावर आणि तिचा गुडघा कधीचा गेलेला. ती नुसती गुडघ्याला तेल चोळत बसली. काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी चौकात सभा होती. मुंबई आमची, नाही आमची, यावर वक्ता तापला होता. काका गॅलरीत बसून ऐकत होते. एकाएकी उठले आणि दोन अर्ज लिहिले. अलीकडच्यांना कळवलं, की पलीकडचा वॉर्ड या गटारावर हक्क सांगतो आहे. पलीकडच्यांना याच्या बरोब्बर उलट. मी म्हटलं, काका, हे खोटं आहे. तर म्हणाले, "मुंबई सगळ्यांका कित्याक व्हयी? दुसरो मागता म्हणान."

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही वॉर्डांची माणसं बांबू-फावडी घेऊन अंगणात हजर. गटार कुणाचं यावरून तासभर जुंपली, आणि त्या ईर्ष्येत ते दोन्ही टोकांनी लख्ख साफ झालं. मावशी वरून म्हणाली, "हद्द झाली तुमची." काका म्हणाले, "झाली नाय, गेली."

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. गुलालाने माखून मी पेढे द्यायला गेलो, तर काका नळावर. आयुष्यात कधी कळशीला हात न लावलेला माणूस कळशी भरत होता.

"इली मुंबय?"

"आली, काका."

"मगे ही कळशी वर ने. तुझ्या मावशीचो गुडघो अजून कोणाच्याच हद्दीत येणा नाय."

आज दोघंही नाहीत. माझ्या घरात तीन नळ आहेत. एखादा गळू लागला की मी कागद घेऊन अर्ज लिहायला बसतो आणि 'प्रति' या शब्दाशी अडतो. पुढे कुणाचं नाव घालायचं, ते सांगणारं माणूस आता राहिलं नाही.